कुरकुरणारे लॅपटॉप

वस्तू मजबूत आहे की नुसती नटवी, हे मला हात लावताच कळतं! उगाच फुशारकी नाही मारत. लोखंडी कपाटांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस होतो. दारावर एक थाप मारली की कपाटाची कुंडली सांगायचो!

म्हणूनच भाचीसाठी गेमिंग लॅपटॉप घ्यायचा ठरल्यावर ताईने मला फोन केला. "तू जा रे तिच्याबरोबर. रंगीत दिवे बघून भाळायची ती."

भाचीला गेम बनवायला शिकवणाऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सोमवारी वर्ग सुरू. तिला हवं ते मॉडेल दुकानात एकच उरलं होतं.

"मामा, मी सगळं वाचून आलेय," ती वाटेत म्हणाली.

"वाचून पोहता येतं का?" मी म्हणालो.

विक्रेत्याने लॅपटॉप समोर ठेवला. मी बाह्या सरसावल्या, वाकलो, दोन्ही कोपरे धरले आणि ओला टॉवेल पिळावा तसा हलकेच पीळ दिला.

कुर्रर्र!

"ऐकलंत? सांगाडा कच्चा आहे!"

त्याने दुसऱ्या कंपनीचा आणला. मी वाकलो. कुर्रर्र! तिसरा. कुर्रर्र! सगळे जणू सांधेदुखीच्या दवाखान्यातून आलेले! मागे एक गृहस्थ नवा खोका बगलेत धरून उभे होते, त्यांनी तो मुकाट्याने काउंटरवर परत ठेवला. त्यांचं बघून आणखी दोघांनी. दुकानाचे मालक केबिनमधून धावत आले.

भाची मात्र कान टवकारून होती. "मामा, कशालाही हात न लावता नुसताच वाक बरं."

वाकलो. कुर्रर्र!

"अरे, तुझा पट्टा वाजतोय!"

नवाकोरा चामडी पट्टा! अख्खं दुकान खो खो हसलं. आता इज्जतीचा प्रश्न होता. मी ताडकन पट्टा काढून काउंटरवर आपटला. "आता बघा खरी परीक्षा!"

म्हणालो खरं, पण पँट लगेच निघाली की पायांच्या भेटीला! एक हात तिथे अडकला. उरला एकच. पण चांगल्या लॅपटॉपचं झाकण म्हणे एका बोटानेच उघडायला हवं. काउंटरवर एक मिटलेला होता, त्यात मी बोट घातलं. उघडेना. जरा जोर लावला.

कडाड्!

झाकण माझ्या हातात, बाकीचा लॅपटॉप काउंटरवर!

"असला माल विकता?" वर मीच ओरडलो.

"काका, तो विकायचा नव्हता!" मालक रडकुंडीला आले. "आमची बिलं करायचा आहे तो!"

बिलांसाठी थांबलेली रांग एकदम माझ्याकडे बघायला लागली. स्क्रीन काळीठिक्कर पडली होती. मालकांचा आवाज चढला. "तुम्हाला काहीही विकायचं नाही मला! निघा!"

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझी सगळी ऐट तिथेच उतरली.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "दुरुस्तीचा खर्च मी देतो. पण माझी शिक्षा या पोरीला नको."

मालक ऐकेनात. भाचीने डोळे पुसले आणि विक्रेत्याला म्हणाली, "टीव्हीची केबल आहे का?"

तिने ती केबल तुटक्या लॅपटॉपला लावली, दुसरं टोक भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीला. दोन मिनिटांत टीव्हीवर बिल उमटलं, दरवाजाएवढं! रांग पुढे सरकली. मालकांचा चेहराही सैल झाला. त्यांनी तो एकुलता एक लॅपटॉप स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवला.

तिने पिळला नाही की आपटला नाही. पाव तास एक अवजड गेम चालवला, तळाला हात लावून किती तापतोय ते पाहिलं, पंख्याचा आवाज ऐकला, कीबोर्ड मधोमध दाबला, झाकण चारदा उघडमीट केलं. "पक्का आहे. घेऊ या."

विक्रेत्याने विम्याचा फॉर्म पुढे केला. "पडणं, आपटणं, पाणी सांडणं, सगळ्याची भरपाई मिळते."

"आणि नातेवाइकाने तपासून बघितला तर?" भाचीने विचारलं.

विक्रेत्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "हे घरातच राहतात?"

"नाही. दर रविवारी येतात."

"मग रविवारी तेवढा कुलपात ठेवा."

मी हल्ली शनिवारी जातो.