झुंबरबाईंची मिरची आणि प्रवाळाचा घातपात

‘माधव हेर्लेकर. जलगुप्तहेर. पश्चिम महाराष्ट्रात एकमेव. थेंबाच्या चेहऱ्यावरून गुन्हा ओळखणारे. पाणी खोटं बोलत नाही, आणि बोललंच तर हेर्लेकरांशी नाही.’

हे सरांच्या कार्डावर छापलंय. मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. शेवटी ‘हेर तर माझ्या आडनावातच आहे’ अशी आणखी एक ओळ होती. ती मी जागा नाही म्हणून गाळली. जागा होती.

सरांनी बावीस वर्षं घरोघरी पाण्याचे फिल्टर विकले. विकले म्हणजे दाखवले. लोकांच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांच्या नळाला नावं ठेवता ठेवता त्यांची अशी समजूत झाली, की जगातलं सगळं पाणी आपल्याला ओळखतं. मग त्यांनी लक्ष्मीपुरीत एका बेकरीच्या वरची खोली घेतली आणि दारावर पाटी लावली. मी मुबशिरा, रसायनशास्त्रात बी.एस्सी., त्यांची सहायक. माझं काम म्हणजे पाणी तपासायचं, सरांचे विचार लिहून घ्यायचे आणि या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजारामपुरीतून शार्दूलचा फोन आला. हा तिशीतला मुलगा घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. त्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी आहे, आणि तिच्यात त्याने चार वर्षं खपून जिवंत प्रवाळ वाढवलंय. आता ते प्रवाळ मिटत चाललं होतं. फुलायचं नाव नाही, रंग उडालेला. टाकीवर पाण्याचा पीएच दाखवणारा मीटर होता. पाणी आंबटाकडे झुकलंय की क्षाराकडे, ते हा आकडा सांगतो. तो आठ पूर्णांक एकच्या वर हवा. दोन आठवडे तो सात पूर्णांक सातवर बसून होता.

आम्ही गेलो तेव्हा हॉलच्या तिन्ही खिडक्या बंद होत्या आणि फटींवर चिकटपट्टी लावलेली होती. एसी गुरगुरत होता. आतल्या उघड्या स्वयंपाकघरात शार्दूलच्या आई, लीलाकाकू, दोन शेगड्या पेटवून उभ्या होत्या.

“ही पट्टी कशाला?” मी विचारलं.

“खाली झुंबरमावशींचा चटणीचा सीझन सुरू झालाय,” शार्दूल म्हणाला. “दिवसभर मिरच्या भाजतात. तो ठसका पाण्यात उतरला तर प्रवाळ जाईल, म्हणून सुरुवातीलाच सगळं बंद केलं.”

“उत्तम बंदोबस्त,” सर म्हणाले. “आत काही शिरणार नाही, बाहेर काही जाणार नाही.”

सगळ्या प्रकरणात सर एवढंच एक बरोबर बोलले, आणि ते त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी टाकीत बोट बुडवून चाटलं. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

“मुबशिरा, लिहा. पाणी खारट आहे.”

“समुद्राचं पाणी आहे सर.”

“म्हणजे समुद्रही सामील आहे.”

मी लिहिलं. पगार त्याचाच मिळतो.

पहिला संशयित टाकीतच सापडला. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा दगडाआडून बघत होता. पट्टे कैद्याच्या कपड्यांवर असतात आणि निर्दोष जीव दगडाआड लपत नाही, असे दोन मुद्दे सरांनी मांडले. माशाला दोन दिवस बादलीत नजरकैदेत ठेवलं. आकडा हलला नाही. माशाला परत सोडताना सर त्याला म्हणाले, “शहर सोडायचं नाही.”

दुसरा संशय लालासाबचाचांवर. शार्दूलची टाकी त्यांनीच बांधली आणि समुद्राचं मीठही तेच देतात. शाहूपुरीत त्यांचं शोभेच्या माशांचं जुनं दुकान आहे. सर तिथे वेषांतर करून गेले. फेटा, मिशी, आणि आपण गगनबावड्याचे शेतकरी आहोत अशी कहाणी.

लालासाबचाचांनी मान वर न करता म्हटलं, “या माधवराव, बसा की. फेटा कुणाच्या लग्नातला म्हणायचा?”

“मी माधवराव न्हाय,” सर म्हणाले.

“मग ह्या पोरीला का दमवलंय उन्हात? मीठच बघायचंय न्हवं? घ्या की चिमूटभर. मी काय पळून चाललोय व्हय?”

मीठ मी तपासलं. चोख होतं. बाहेर आल्यावर सर म्हणाले, “इतकं चोख मीठ संशयास्पद असतं.” मिशी तोपर्यंत अर्धी सुटून हनुवटीला लागली होती. काही गोष्टी माणसाला लक्ष्मीपुरीपर्यंत आपल्या आपण कळू द्याव्यात.

त्यानंतर सरांनी उपचार सुरू केला. पाणी आंबट होतंय तर त्यात खायचा सोडा घाला, रोज तीन चमचे. मी सांगितलं, “सर, पाण्याची क्षारता आधीच बरोबर आहे, कॅल्शियम बरोबर आहे, सगळं बरोबर आहे. फक्त पीएच खाली आहे. सोडा घातला तर क्षारता वाढेल, पीएच तिथेच राहील.”

“पुस्तकी ज्ञान,” सर म्हणाले.

पाच दिवसांत क्षारता वाढली, पीएच तिथेच राहिला आणि प्रवाळाची टोकं भाजल्यासारखी पांढरी पडली. शार्दूल टाकीसमोर मांडी घालून बसला होता. त्याचा चेहरा बघून मला सरांचा मनापासून राग आला. मी सोडा बंद करायला लावला आणि डबा पर्समध्ये घालून घरी आणला.

त्याच दिवशी मी टाकीतलं थोडं पाणीही बरोबर घेतलं. अर्धी भरलेली बाटली गाडीच्या डिकीत, आणि राजारामपुरी ते सदर बाजार आमचे खड्डे. घरच्या गच्चीवर बसून मोजलं तर पीएच आठ पूर्णांक एक. ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. “त्यांच्या घरात एक जबाब आणि तुमच्या घरात दुसरा? साक्षीदार फितूर झालाय.”

मी तरी काय शहाणी? मी टाकीवरच्या मीटरचे सेल बदलले. हातात आलेलं उत्तर मी डिकीत ठेवून घरी नेलं होतं आणि बाटली धुऊन टाकली होती. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर सगळा मूर्खपणा सरांच्याच नावावर जाईल.

आता उरली मिरची. शार्दूलला पहिल्यापासून तोच संशय होता आणि सरांना आता दुसरा कुणी शिल्लक नव्हता. दोघांनी मिळून सोसायटीला तक्रार लिहिली, की तळमजल्यावरच्या झुंबरबाईंनी इमारतीच्या आवारात मिरची भाजणं कायमचं बंद करावं. रविवारी संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती आणि मीटिंगमध्ये शार्दूलच्या बाजूने हात वर करणारे बरेच होते. ठसका सगळ्यांनाच लागतो.

शनिवारी मी एकटीच झुंबरबाईंकडे गेले. साठीची बाई, हात कोपरापर्यंत लाल. मागच्या अंगणात संकेश्वरी मिरच्या पसरल्या होत्या.

“तेवीस वर्षं भाजतोय हितं,” त्या म्हणाल्या. “मालक गेले तवापास्नं. ह्या दोन महिन्यांवर माझं वर्ष निघतंय. बंद केलं तर मी जायाचं कुठं? त्या शार्दूलला मी ह्या मांडीवर खेळवलाय, आन् तीन आठवडं झालं, जिन्यात माझ्याकडं बघत न्हाय ते प्वार.”

त्यांनी हात पुसत मला पाणी दिलं. ज्या मीटरवर माझाच भरवसा नव्हता, त्याच्या जोरावर आम्ही त्यांची चूल विझवायला निघालो होतो.

रविवारी सकाळी अकरा वाजता सरांनी सगळ्या संशयितांना शार्दूलच्या हॉलमध्ये बोलावलं. रहस्याचा उलगडा असाच करायचा असतो, बंद खोलीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दाराखालच्या फटीत पायपुसणंही सारलं. शार्दूल, लीलाकाकू, लालासाबचाचा, झुंबरबाई, मी आणि सर. आत रविवारचं मटण शिजत होतं. एका शेगडीवर तांबडा रस्सा, एकीवर पांढरा.

सर बोलू लागले. पाण्याच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. पाऊण तासात ते नळापर्यंत आले. मी मीटरकडे बघत बसले होते, कारण सरांकडे बघवत नव्हतं. सात पूर्णांक बहात्तर. मग सत्तर. मग अडुसष्ट.

सरांचंही लक्ष गेलं. “बघा. सत्य जवळ येतंय तसं पाणी थरथरतंय.”

“अवो पण ते म्हणायचंय काय त्येंना?” झुंबरबाईंनी लालासाबचाचांना विचारलं.

“कळंल की,” चाचा म्हणाले. “अजून नळ सुरू व्हायचाय.”

आणखी वीस मिनिटं गेली. सगळे घामेजले होते, एसी नुसता आवाज करत होता. शेवटी सरांनी हात उगारून बोट झुंबरबाईंवर रोखलं. “गुन्हेगार आपल्यातच बसलाय.” मीटर सात पूर्णांक चौसष्टवर आला. “आरोपी समोर येताच पाणी घाबरलं. यापुढे पुरावा तो कुठला?”

शार्दूलने खिशातून तक्रारीचा कागद काढला. झुंबरबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग पदराने कपाळ पुसून उठल्या.

“पावणं, गुन्हा काय आसंल त्ये आसू दे. माझा जीव कोंडलाय. ती खिडकी उघडा आधी.”

“मावशी, नको. मिरचीचा धूर...”

“आज रविवार हाय. आज माझी चूलच पेटलेली न्हाय. आन् धूर धूर करतोस, हितं माणसं मरायला लागल्यात, तुझी आई बघ कशी झालीया.”

लीलाकाकू खरोखरच भिंतीला टेकल्या होत्या. झुंबरबाईंनी परवानगीची वाट न बघता लाल बोटांनी चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि तिन्ही खिडक्या सताड उघडल्या. वारा आत आला. लालासाबचाचांनी मोठा श्वास घेतला आणि टोपी काढून हवा घेत बसले.

सर बोलतच होते. त्यांचा मुद्दा आता आरोपीच्या पळून जाण्याच्या प्रयत्नावर आला होता. मी मीटरकडे बघत होते. चौसष्ट. थोड्या वेळाने सदुसष्ट. मग सत्तर. पंच्याहत्तर झाले तेव्हा मला माझी डिकी आठवली, खड्डे आठवले, गच्चीवरचा वारा आठवला, आणि लाजेने कान तापले.

“सर, गप्प बसा,” मी म्हणाले.

तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. ते इतके चकित झाले की गप्प बसले.

“शार्दूल, आपण श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पाणी आंबट होतं. शेगडीतूनही तोच निघतो. तुम्ही तीन आठवडे घर बंद केलं, तो बाहेर जाणार कुठे? टाकीचा पंप खोलीतली तीच हवा पाण्यात मारतोय. माझ्या बाटलीतलं पाणी खड्ड्यांत हिंदकळलं, वायू उडून गेला, म्हणून गच्चीवर आकडा ठणठणीत आला. मिरचीने काही केलेलं नाही. मिरचीला भिऊन तुम्ही खिडक्या लावल्या, त्याने झालंय.”

लालासाबचाचांनी विचार केला. “म्हंजे सोड्याच्या बाटलीत भरत्यात, त्योच वायू?”

“तोच.”

“म्हंजे तीन आठवडं पोरगं टाकीत सोडा वॉटर करत बसलं हुतं. आन् वरनं माधवरावांनी आज तासभर स्वतःच्या तोंडानं भरला.”

शार्दूलने मीटरकडे बघितलं. अठ्ठ्याहत्तर. मग तो झुंबरबाईंकडे वळला. त्याने कागद फाडला आणि तुकडे हातातच धरून उभा राहिला.

“मावशी, चुकलं माझं.”

“चुकलंच की,” झुंबरबाई म्हणाल्या. “चटणी तेवीस वर्षं खातायसा तुम्ही माझी. खाली येऊन एकदा इचारलं आसतंस, मावशी काय करू, तर मी पयल्या दिवशीच सांगितलं आसतं, खिडकी उघड म्हणून. एवढ्यासाठी माझं पोट बंद करायला निघालतास.”

लीलाकाकूंनी त्यांचा हात धरून त्यांना पानावर बसवलं. सगळे जेवले. सर तांबड्याची तिसरी वाटी घेताना म्हणाले, “खोली बंद करून गुन्हा पुन्हा घडवून दाखवणं, ही माझी जुनी पद्धत आहे.”

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर भांडण झालं. मिरचीचा विषय निघालाच नाही.

सोमवारी मी शेवटचा आकडा घ्यायला गेले. आठ पूर्णांक एक. प्रवाळाची टोकं अजून पांढरी होती, पण बाकी सगळं फुललं होतं, आणि पट्ट्यांचा मासा त्यातून निर्धास्त फिरत होता. खाली झुंबरबाईंनी संकेश्वरी भाजायला घेतली होती. खिडक्या उघड्या ठेवायच्या, ही त्यांचीच अट होती. शार्दूल नाकाला ओला टॉवेल बांधून कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि दर मिनिटाला शिंकत होता.

सरांनी अहवाल सांगितला, मी टाईप केला. ‘गुन्हेगार: हवा. शोध: हेर्लेकर.’ तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या टेबलावरच्या बरणीकडे गेलं. झुंबरबाईंनी माझ्यासाठी पाठवलेली चटणी होती, वर कांदालसणाचं तेल तरंगत होतं.

“यात काय आहे?” त्यांनी झाकणाकडे हात नेला.

“पुरावा आहे सर. हात लावू नका.”

सरांनी हात मागे घेतला. दुपारी ते चहाला खाली उतरल्यावर मी माझा जेवणाचा डबा उघडला आणि भाकरीबरोबर त्या पुराव्याची चौकशी सुरू केली.