डावा कोपरा, सर्वांत खालचा

कोणतीही सार्वजनिक संस्था वर कोण आहे यावरून ओळखली जाते. खाली कोण आहे हे पाहायला वाकावं लागतं, आणि वाकण्याची तरतूद कुठल्याच नियमावलीत नसते. सोलापुरातल्या एका कापड गिरणीचा कबड्डी संघ याच तत्त्वावर झकास चालला होता, आणि सिद्रामप्पा त्या संघाचा डावा कोपरा होता.

कागदावर तो सूतखात्यातला बदली कामगार. (सूत कातायचं यंत्र त्याने अकरा वर्षांत एकदाच पाहिलं, तेही दसऱ्याला, हार घालताना.) खरं काम एकच. समोरचा गडी चढाईला आला की मातीत झेप टाकायची, त्याचा घोटा धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. मग बाकीचे वरून कोसळत, शिट्टी वाजे, पब्लिक टोप्या उडवी, आणि ढीग उठला की सगळ्यात शेवटी सिद्रामप्पा तळातून निघे, तोंडातली माती थुंकत.

पकडींची वही चनबसप्पा लिहायचा. हजेरीखात्यातला कारकून, फार प्रामाणिक माणूस. जे दिसेल तेच लिहायचं हा त्याचा बाणा, आणि खुर्चीवरून ढिगातला सर्वांत वरचा माणूस दिसतो. तो बहुतेक वेळा जोतीराम असे. जोतीराम संघाचा चढाईबहाद्दर. पकडीच्या वेळी तो जरा मागे थांबायचा, सगळं शांत झालं की वर येऊन बसायचा. अशा रीतीने त्याच्या नावावर चौदाशे सहा पकडी जमल्या आणि तो केव्हाच कायम झाला.

सिद्रामप्पाची कारकीर्दही काही कमी उज्ज्वल नव्हती. सामने तीनशे बारा, धरलेले घोटे दोनेक हजार, पडलेले दात तीन, कामातून गेलेला गुडघा एक. वहीतल्या पकडी शून्य. एकदा वर्तमानपत्रात 'इतरांनीही चांगली साथ दिली' असं छापून आलं होतं. त्या 'इतरां'त त्याचा सहावा हिस्सा होता, म्हणून त्याने कात्रण जपून ठेवलं.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीत गिरणीने परिपत्रक काढलं. पस्तिशी गाठलेल्या बदली खेळाडूंना नारळ देण्यात येईल. (मूळ शब्द 'सन्मानपूर्वक कार्यमुक्त'.) मात्र अंतिम सामन्याच्या वहीत ज्याचं नाव एकदा तरी आलं असेल, त्यास कायम करण्यात येईल. सिद्रामप्पाची पस्तिशी मार्चात भरत होती. नोकरी गेली की चाळीतली खोलीही जाणार होती, आणि त्या गुडघ्यावर दुसरं काम कोण देतंय!

तो क्रीडा समितीचे अध्यक्ष आबासाहेब यांच्याकडे जुना फोटो घेऊन गेला. फोटोत ढीग होता, ढिगाखालून एक हात बाहेर आला होता.

"सायेब, ह्यो हात माजा हाय."

आबासाहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. "हात कुणाचाही असेल. तोंड कुठाय?"

"तोंड मातीत हाय की, सायेब."

"मग तोंड दिसणारा फोटो आण," आबासाहेब म्हणाले. नियमानुसार ते बरोबरच होतं.

घरी बायको रत्नम्मा भाकरी थापता थापता कडाडली, "अवं, ते जोतीराम आयतं वर येऊन बसतंय, आन् तुमी कायम खाली! एकडाव वर चढून दावा की!"

"मी घोटा सोडला तर धरायचा कुणी?"

"चनबसप्पाच्या वहीत घोट्याचा रकाना हाय व्हय?"

नव्हता.

फेब्रुवारीत अंतिम सामना झाला, मोहोळच्या संघाशी. गिरणी एका गुणाने पुढे, शेवटची चढाई, मोहोळचा कोंडीबा आत आला. सिद्रामप्पाने झेप टाकली. घोटा हातात बसला, वरून पाच जण कोसळले, जोतीराम सावकाश वर येऊन बसला. आणि तळाशी, मातीत नाक खुपसलेल्या सिद्रामप्पाने अकरा वर्षांत प्रथमच विचार केला. डाव्या कोपऱ्याने विचार करणं बरं नव्हे. त्याने घोटा सोडला, सरपटत बाहेर आला, जोतीरामच्याही वर चढून बसला आणि चनबसप्पाकडे तोंड केलं.

तेवढ्यात खालून कोंडीबा निसटला आणि त्याने मधली रेषा शिवली. सहा गडी एका झटक्यात बाद. सामना गेला. सिद्रामप्पाला भर मैदानात रडू कोसळलं.

चनबसप्पाने जे दिसलं ते लिहिलं: 'पराभवास जबाबदार, सिद्रामप्पा.'

समितीची बैठक तीन तास चालली. आबासाहेबांनी परिपत्रक चारदा वाचलं. नाव यायला हवं असं त्यात होतं, कशासाठी यायला हवं ते नव्हतं. एक मार्चला सिद्रामप्पा कायम झाला.

आता त्याला अख्खं सोलापूर ओळखतं. चहाच्या हॉटेलात माणसं कोपराने ढोसून दाखवतात, "ह्योच त्यो, घोटा सोडलेला." वर्तमानपत्राने त्याचं पूर्ण नाव छापलं, वडिलांच्या नावासकट. ते कात्रण मात्र त्याने ठेवलेलं नाही.

त्याने धरलेल्या दोन हजार घोट्यांवर मी पूर्वी एक लेख लिहिला होता. संपादकांनी तो परत पाठवला. हे कुणी वाचणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. सुटलेल्या एका घोट्याची ही हकिगत मात्र त्यांनी लगेच घेतली. आणि वाचकहो, तुम्हीही अगदी शेवटच्या ओळीपर्यंत आलातच की!