शाम्पूतला शाम्पू

माणूस पोटात काय घालतो याची चौकशी करत नाही, पण डोक्याला काय चोळतो याबाबत तो अत्यंत जागरूक असतो. सॉसेज खाताना 'यात काय आहे' असं विचारणारा इसम आमच्या ला वेगा गावात गेल्या चाळीस वर्षांत एकच आढळला. (तो सॉसेज करणाराच होता.) उलट शाम्पूच्या बाटलीवर 'नैसर्गिक' हा शब्द नसेल तर आमच्या बायका तिला हात लावत नाहीत, आणि असेल तर पुढचं वाचत नाहीत. नैसर्गिकची व्याख्याही सोपी आहे. करणारा ओळखीचा असेल तर वस्तू नैसर्गिक, अनोळखी असेल तर रासायनिक.

मी एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. मी निवृत्त झालो, सवय निवृत्त झाली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढची चौकशी आकसाने केली असं कोणी म्हणायला नको.

प्रकरण माझ्या बहिणीचं. देयानिरा, वय सत्तेचाळीस. जूनच्या शेवटच्या शनिवारी बेकरीवाल्या फाउस्तोशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याआधी ऑक्टोबरात तिला डेंग्यू झाला आणि जानेवारीत केस गळायला लागले. थोडेथोडके नाहीत, मूठमूठ. फाउस्तोने मागणी घातली तेव्हा तिचे केस कंबरेपर्यंत सरळसोट होते. मार्चपासून त्या बिचाऱ्याला फक्त रुमाल दिसत होता.

"अबिलिओ, सत्तेचाळीस वर्षं थांबले रे," ती मला म्हणाली, "आणि आता त्याच्यासमोर सोललेल्या अंड्यासारखी उभी राहू?"

मला फार वाईट वाटलं. खात्याच्या फॉर्मवर यासाठी रकाना नसे, म्हणून इथे नोंदवतो.

सरकारी दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "डेंग्यूनंतर असं होतं. काही लावू नका, सहा महिन्यांत आपोआप येतील." सल्ला फुकट, त्यातून करण्यासारखं काहीच नाही. असला सल्ला कोण ऐकतो? एप्रिलच्या मध्यावर आम्ही डोन्या मेल्बाच्या, म्हणजे मेल्बाबाईंच्या, पार्लरमध्ये गेलो.

मेल्बाचा कांद्याचा शाम्पू म्हणजे गावाची शान. तो रमच्या रिकाम्या बाटलीत मिळतो, वर चिकटपट्टी, त्यावर पेनाने 'नैसर्गिक'. वास इतका नैसर्गिक की धुतल्यावर दोन दिवस माणसाजवळ कोणी बसत नाही. देयानिराने तो दोन आठवडे लावला. तिसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन मेल्बाकडे गेलो आणि घटक विचारले. तिने न अडखळता सांगितले.

एक, कांदा. दोन, कोरफड. तीन, रोझमेरी. चार, दालचिनी. पाच, अव्होकाडोची बी, किसून. सहा, श्रद्धा. (मी लिहीत नव्हतो, तिने लिहायला लावलं.) सात, शाम्पू.

"शाम्पूत शाम्पू?" मी विचारलं.

"मग फेस कुठून येणार, माझ्या राजा? कांद्याला कधी फेस आलेला पाहिलास?"

मुद्दा बिनतोड होता. मी घटक क्रमांक सातच्या मागे लागलो. हा सातवा पांढऱ्या कॅनमधून येत होता, आणि कॅन भरत होता कान्दिदो, त्याच्या गॅरेजात, दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत. कॅनवर अकरा घटक छापले होते. पहिला पाणी. पुढचे नऊ असे की वाचताना ठसका लागावा. अकरावा, 'कांद्याचा नैसर्गिक अर्क'.

"हा अर्क कुठून आणता?" मी विचारलं.

"मेल्बाकडून," कान्दिदो म्हणाला. "एका ड्रमला दोन बाटल्या. नाहीतर नैसर्गिक असं छापणार कसं, डॉन अबिलिओ? मी काय खोटारडा आहे?"

मी तिथेच एका टायरवर बसलो. मेल्बाच्या शाम्पूत कान्दिदोचा शाम्पू, कान्दिदोच्या शाम्पूत मेल्बाचा. दोघंही गेली नऊ वर्षं एकमेकांच्या नैसर्गिकपणाची हमी देत होते आणि दोघंही खरं बोलत होते. माझ्या गणिताप्रमाणे आजच्या प्रत्येक बाटलीत नऊ वर्षांपूर्वीच्या एका कांद्याचा अंश आहे. इतकी परंपरा आमच्या नगरपालिकेतही नाही.

मी देयानिराला सांगितलं, चौकशी पूर्ण होईपर्यंत वापर स्थगित.

"आणि तोवर काय लावू?"

"पाणी."

ती रडली, मग चिडली. "लग्नात टकली दिसले ना, तर फादरसमोर तुझं नाव घेईन," म्हणाली. पण ऐकलं तिने. सात आठवडे ती माझ्या घराच्या गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याने डोकं धूत राहिली आणि माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. रात्री मला झोप लागत नव्हती. अहवाल चुकला तर शेरा मिळतो. इथे बहीण गेली असती.

अहवाल एकोणीस पानी झाला. शनिवारी सकाळी, केसांत रोलर गुंडाळून अकरा बायका ड्रायरखाली बसलेल्या असताना, मी तो पार्लरमध्ये उभ्याने वाचून दाखवला. आदर म्हणून त्यांनी ड्रायर बंद केले. वाचन संपलं.

"म्हणजे कान्दिदोच्या स्वस्त कॅनमध्येही मेल्बाचा कांदा आहे?" एकीने विचारलं. "आणि मला हे आज कळतंय?"

संध्याकाळपर्यंत कान्दिदोचे सगळे कॅन खपले. त्यामुळे त्याने मेल्बाकडून दुप्पट बाटल्या उचलल्या. मेल्बाने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. समाजात जागृती करण्याचे फायदे असे दोन्ही बाजूंना मिळतात.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात देयानिराने रुमाल सोडला. मला बघवेना, मी चपलेकडे बघत राहिलो. मग फाउस्तोचा आवाज आला.

"अगं, कुरळे आहेत की."

मी मान वर केली. डोकंभर केस, बोटभर लांब, दाट आणि कुरळे. दर शनिवारी ड्रायरखाली सरळ करून घेतल्यामुळे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, तीही विसरली होती. फाउस्तो ते कुरवाळत राहिला, फादर खोकले तरी. मी रडलो. हेही नोंदवतो.

जेवणाच्या वेळी बायकांनी तिला घेरलं. काय लावलंस, काय लावलंस. एकतीस वर्षांत अशी संधी मला मिळाली नव्हती. मी खुर्चीवर चढलो आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "काहीही नाही. सात आठवडे नुसतं पाणी. डॉक्टरीण म्हणाली तेच खरं, केस आपोआप आले."

अखेर सत्याचा विजय झाला, असं मला वाटलं. तेवढ्यात भाजलेल्या डुकराच्या मांसाची ताटली हातात धरून मेल्बा पुढे आली.

"कुठलं पाणी?" तिने विचारलं.

सोमवारी सकाळी सहाला माझ्या फाटकाशी सतरा बायका बाटल्या घेऊन उभ्या होत्या. मी नियमाप्रमाणे पाटी लावली: घटक, पाणी, एकूण घटक, एक. त्या पाटीचा फोटो काढून मेल्बाने आपल्या नव्या बाटल्यांवर चिकटवला आहे. कान्दिदो रोज संध्याकाळी पाइप घेऊन येतो.

तुम्हाला हसू येतंय. साहजिक आहे, तुम्ही शिकलेली माणसं, लेबल वाचता, तुम्हाला कोण फसवणार. तुमच्या मनात फक्त एवढंच येऊन गेलं असेल, की टाकी प्लास्टिकची होती की सिमेंटची.

सिमेंटची.