कुसुमकाकूंची नॅरोगेज

कुसुमकाकूंची गाडी चालू असताना त्यांच्या दाराची कडी वाजवून काही उपयोग नसतो. आतून आवाज येतो, "गाडी घाटात आहे, थांब!" मग आपण ओट्यावर बसून राहायचं. गाडी स्टेशनात लागली की काकू पदराला हात पुसत दार उघडतात.

आमच्या किहीमला रेल्वे नाही. काकूंची गाडी धावते ती मुलाने परदेशी जाताना मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरवर. त्यात सिम्युलेटर आहे, पडद्यावर आगगाडी चालवायचा. वाफ धरायची, ब्रेक लावायचा, सगळं खऱ्यासारखं. त्याला खेळ म्हटलेलं मात्र काकूंना खपत नाही. "खेळ पोरं खेळतात. मी गाडी चालवते." पर्यटकांसाठी त्यांची घरगुती खानावळ आहे. तव्यावर सुरमई आणि रुळावर इंजिन, दोन्हीकडे लक्ष एकाच वेळी. आजवर अपघात झाला तो सुरमईलाच.

काकूंचं माहेर देशावरचं. तिथल्या नॅरोगेजच्या फाटकावर त्यांचे वडील गेटमन होते. ती लाइन बंद पडून जमाना झाला. तिचं एक वाफेचं इंजिन शेडमध्ये गंजत पडलं होतं. ते पुन्हा चालू करायचं काही हौशी मंडळींनी मनावर घेतलं आणि पैसे उभे करायला त्या लाइनीचा अ‍ॅड-ऑन काढला, म्हणजे सिम्युलेटरला जोडायचा नवा मार्ग. तो विकत घेतला की पैसे इंजिनाच्या दुरुस्तीला जाणार.

काकूंनी तो घेतलाच, वर पाहुण्यांच्याही गळ्यात मारायला लागल्या. ठाण्याच्या एका गृहस्थांनी आणखी सोलकढी मागितली. "देते हं," काकू म्हणाल्या, "पण बॉयलर गळायला लागला की इंजिनाचं काय होतं, ठाऊक आहे का तुम्हाला?" सोलकढी येईपर्यंत त्यांनी मुकाट्याने मोबाइलवर पैसे भरले होते. त्यांच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता.

एकदा त्या मंडळींचा फोन आला. इंजिनाची मूळ शिट्टी कशी होती, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. काकूंनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि फोनमध्ये शिट्टी घातली. आधी लांबलचक, मग शेवटाला घरंगळत खाली येणारी. शेजारच्या वाडीतले कुत्रे भुंकत सुटले. पलीकडचा माणूस म्हणाला, "काकू, परत एकदा. रेकॉर्ड करतो." त्या दिवशी काकू फोनवर बराच वेळ बोलत होत्या.

यंदा इंजिन खरंच चालू झालं. शेडजवळ थोडे रूळ नव्याने टाकले होते. काकूंना आमंत्रण आलं, सोबतीला मी गेलो. "चला काकू, चालवा," मंडळी म्हणाली.

"मी? अरे बाबांनो, मला कुठे येतं!" काकू चक्क लाजल्या. दोरी ओढून शिट्टी तेवढी त्यांनी वाजवली. ऐकून म्हणाल्या, "घसा बसलाय जरा. होईल बरा."

परतताना त्यांनी वडिलांच्या फाटकाशी आमची मोटार वळवायला लावली. तिथे आता मोठा उड्डाणपूल आहे. फाटक नाही, गेटमनची खोली नाही. काकू पुलाखाली थोडा वेळ उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर दार उघडंच होतं. पडद्यावर गाडी एका फाटकापाशी उभी. बाजूला कौलारू खोली, दारात कडुनिंब, आणि खाकी कपड्यातला एक किरकोळ माणूस हिरवा बावटा धरून उभा.

"काकू, इथे थांबा नाही ना?"

"ठाऊक आहे रे." त्यांनी मान वळवली नाही. "मी फोनवर सांगितलं, तसेच केलेत त्या मंडळींनी बाबा. टोपीसुद्धा तिरकी ठेवलीय."

"मग गाडी काढा. बावटा दाखवतायत ते."

"काढली की ते मागे राहतात," काकू म्हणाल्या.

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो. बाहेर नारळीत वारा होता. ब्रेकच्या बटणावरचं बोट काकूंनी उचललं नाही.