भाऊंचं ऊन

आमच्या भाऊंच्या अंगणात पाऊल टाकायचं, तर आधी आपली सावली कुठे पडते आहे ते पाहावं लागे. तशी पाटी लावलेली नव्हती, पण पोस्टमनपासून वीजबिल वाटणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हा नियम पाठ होता. "या, बसा, पाणी घ्या" हे सगळं नंतर. भाऊंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "सावली काढ." येणारा वयाने मोठा असला तर, "सावली काढा."

भाऊ म्हणजे माझे आजोबा. धाकटी भावंडं भाऊ म्हणत, म्हणून मुलंही भाऊच म्हणू लागली, मग आम्ही नातवंडं आणि शेवटी अख्खं गाव. निर्मळच्या रस्त्याला लागून आमची वाडी, वाडीत कौलारू घर आणि घरापुढे अंगण. दिवाळी संपली की त्या अंगणात खाटेसारखा उचलता येणारा बांबूचा मांडव यायचा आणि त्यावर सोललेली राजेळी केळी ओळीने झोपायची. सात-आठ दिवस कडक ऊन खाल्लं की ती मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड होतात. त्यांना सुकेळी म्हणतात. वसईबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं आणि समजावूनही तो "म्हणजे केळ्याचे वेफर्स का?" असं विचारतोच. भाऊंना कुणी असं विचारलं तर ते त्या माणसाशी पुन्हा बोलत नसत.

केळ्यावर घटकाभर जरी सावली पडली तरी ते "रुसतं", असं भाऊंचं म्हणणं होतं. रुसलेलं केळं वरून सुकतं आणि आतून आंबतं. म्हणून दिवसातून चार वेळा एकेक केळं हाताने उलटायचं, बोटाच्या मागच्या बाजूने चाचपायचं, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघतात तसं. संध्याकाळी सगळी गोळा करून टोपलीत, वाळक्या पानांत गुंडाळून ठेवायची. सकाळी पुन्हा मांडायची. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. काकाने एकदा हौसेने हात लावला तर म्हणाले, "तू ऑफिसात जा. तिथं कायपन उलटं केलंस तरी चालतं."

आकाशाशी त्यांचं भांडण कायमचं. ढग दिसला की ओट्यावरून त्याला शिव्या देत आणि तो सरकला की आपल्यामुळेच सरकला असं मानत. मी एकदा मोबाइलवर हवामान बघून सांगितलं, "भाऊ, आज आकाश निरभ्र आहे." त्यांनी फोनकडे पाहिलं. तो चटईवर पालथा पडलेला होता. "यानं आज मान वर करून बघितलंय काय?" त्या दिवशी दुपारी शिंतोडे पडले. भाऊंना केळी भिजल्याचं दुःख झालं, पण फोन खोटा ठरल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

मला पाहायला मुलाकडची मंडळी आली तेव्हा नेमका मांडव भरलेला. मुलाच्या वडिलांना तीनदा सावली काढावी लागली. चौथ्यांदा ते चपला घालून निघायच्या बेतात होते, पण काकाने गयावया करून त्यांना आत नेलं. मुलगा मात्र उन्हात उभा राहून फोनवर बोलत होता आणि सांगूनही हलत नव्हता. लग्न झालं. पाच वर्षांनी मोडलंही. मी बॅगा घेऊन परत आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे सुतकी. भाऊ तेवढे म्हणाले, "केळ्यांवर सावली टाकून उभा होता नि हलत नव्हता. तेव्हाच कळायला पाह्यजे होतं मला." मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

हे सगळं वाचून भाऊ म्हणजे रिकामपणी छंद करणारा म्हातारा, असं वाटेल. तसं नव्हतं. पहाटे चारला उठून केळीला पाणी लावणारा, पाठीवर घड वाहून वाहून उजवा खांदा कायमचा खाली गेलेला माणूस होता तो. सायकलवर दोन बाजूंना टोपल्या लावून आगाशीपर्यंत जायचे, विरारपर्यंत जायचे. तीन मुलं त्यातून शिकली. मी कॉलेजात असताना माझे वडील गेले आणि मग माझी फीसुद्धा त्याच टोपल्यांतून आली. आजारी पडायला त्यांना कधी वेळ मिळाला नाही आणि पडले तरी ते कुणाला कळू देत नसत.

परत आल्यावर मी घरी राहिले नाही. तिथे काकाचं कुटुंब, दोन खोल्या, आणि मी पडले हट्टी. शाळेत कारकुनाची नोकरी होती. नालासोपाऱ्यात खोली भाड्याने घेतली. अकरा महिन्यांनी मालकाने काढलं. दुसरी घेतली. मग तिसरी. दर वेळी भाऊ सायकल घेऊन सामान हलवायला हजर. कपाट चढवताना ते घरमालकिणीला म्हणाले होते, "आमचं केळंसुद्धा इतक्यांदा उलटत नाय."

तिसऱ्या खोलीनंतर, एका वैशाखात, भाऊंनी सगळ्यांना बोलावलं आणि अंगणाच्या दक्षिणेला असलेला वाडीचा तुकडा बिल्डरला देणार असं जाहीर केलं. तिथे चार मजली इमारत होणार होती आणि तिच्यातलं एक घर माझ्या नावावर. ज्या माणसाने आजवर बांधाचा दगडसुद्धा हलू दिला नव्हता, तो हे बोलत होता. काकाने भीत भीत विचारलं, "भाऊ, तुमच्या अंगणात सावली नाही पडणार?"

भर दुपार होती. भाऊ उठून अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "बघ, कुठं हाय सावली? माझ्या पायाखाली. इमारतीचीपन तिच्या पायाखाली राहील. उन्हातलं तू मला शिकवनार?"

उन्हाच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलणार कोण?

वैशाखात सूर्य डोक्यावर असतो. मार्गशीर्षात तो दक्षिणेला झुकतो. चौथा मजला चढला त्या वर्षी दिवाळीनंतर भाऊंनी मांडव मांडला आणि साडेनऊच्या सुमाराला इमारतीची सावली अंगणात शिरली. ती तीन वाजेपर्यंत हलली नाही. कामाचं सगळं ऊन गेलं. मला आठवतं, मी धावत अंगणात गेले, तर भाऊ सावलीत उभे राहून वर पाहत होते. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. ते म्हणाले, "चुकलं गो माझं. म्हातारपन, दुसरं काय."

भाऊंच्या तोंडी "चुकलं" हा शब्द घरात कुणीच कधी ऐकला नव्हता. एकदा दुसऱ्याच्याच लग्नात जाऊन जेवून आले होते, तेव्हाही "त्यांनी मांडव चुकीच्या जागी घातला" असंच म्हणाले होते. आणि ही एवढी मोठी चूक त्यांनी लगेच कबूल केली. गावाला तर विषयच मिळाला. नाक्यावर लोक विचारायचे, "काय भाऊ, पंचांग बदललं काय?" भाऊ हसायचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण मी त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते आणि माझ्या गॅलरीतून बरोबर खाली ते अंगण दिसायचं.

मग भाऊंनी ऊन उसनं मागायला सुरुवात केली. सायकलला मांडव बांधून गावभर हिंडायचे. शेजारच्या सांतानच्या दारात जाऊन, "सांतान, दोन दिवस तुझं ऊन दे रे." सांतान भला माणूस. त्याने ऊन दिलं, पण त्याच्या कोंबड्यांनी केळी खाल्ली. मग देवळाजवळच्या तळ्याकाठी मांडव लागला. तिथे देवदर्शनाला येणारी माणसं प्रसाद समजून एकेक केळं उचलू लागली, काहींनी तर कपाळाला लावून खाल्लं. भाऊ कुणावर ओरडणार? मी म्हटलं, "आमच्या गच्चीवर या ना भाऊ, तिथे ऊनच ऊन आहे." गुडघे धरत चार मजले चढून ते एकदा आले, गच्चीवर दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "वारा लय. इथं केळं वाळंल, सुकनार नाय." उतरताना माझ्या घरात डोकावले. गॅस, पलंग, खिडक्या नीट पाहिल्या आणि विचारलं, "इथून तुला कोन काढनार तर नाय ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा विचारलं.

दर वर्षी मांडव लहान होत गेला. शेवटच्या वर्षी तो चौरंगाएवढा होता आणि भाऊ तो छातीशी धरून उन्हामागे चालायचे. गेल्या श्रावणात ते गेले. तीन दिवसांचा ताप, बस. चार माणसांना धावपळ करू द्यायची, हेही त्यांनी केलं नाही.

यंदा दिवाळी झाली आणि अंगणात मांडव आला नाही. साडेनऊला सावली मात्र आली. मी शाळेत जायला निघताना रोज ती बघायचे. महिनाभरात माझ्याने ते सोसेना. माझ्यासाठी एका कष्टाळू माणसाच्या हातातलं काम गेलं, तेही त्याच्या चुकीमुळे नव्हे, माझ्या संसाराच्या चुकीमुळे, असं मनात घोळत राहायचं. शेवटी मी घर विकायचं ठरवलं. एजंट येऊन फोटो काढून गेला, गिऱ्हाईकही मिळालं. मग रविवारी दुपारी आजीला सांगायला खाली गेले.

आजी ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. भाऊंची चूक झाली, पण तिचं कारण मी होते, मला आता तिथे राहवत नाही, असं सगळं. आजी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे चुकले नव्हते."

मला कळेना.

"तिथं माड होता, आठवतो तुला? इमारतीपायी तोडला तो. चार मजल्यांएवढा उंच. थंडीत रोज बाराच्या टायमाला त्याची सावली मांडवावर यायची, नि हे मांडव सरकवायचे. पन्नास वर्सं सरकवला. त्या माडाची सावली येते, नि इमारतीची येनार नाय?"

मला तो माड आठवला. मांडव सरकवतानाचं "धर गो, उचल" आठवलं. मांडवाचं दुसरं टोक लहानपणी मीच धरायचे. शाळेत जाऊन भूगोल शिकले, आणि एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

"मी बोलले त्यांना," आजी म्हणाली, "अंगनातलं ऊन जाईल. तर म्हनाले, जाऊदे. पोरगी दर वर्साला बोचकं बांधते, ते माझ्यानं बघवत नाय. नि तिला सांगू नको. तिला कळलं तर ती त्या घरात पाय ठेवायची नाय. मी चुकलो म्हनंन, या वयात शोभतं."

मी रडू लागले. आजीने वालाची टोपली बाजूला सारली. तिला रडताना मी भाऊ गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं, आणि आताही ती रडली नाही. फक्त म्हणाली, "विकायचं तर विक. मग यांचं ऊन फुकट गेलं, एवढंच."

मी तिथल्या तिथे एजंटला फोन लावला. व्यवहार नको म्हणून सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. पलीकडून तो "हॅलो मॅडम, हॅलो" करत राहिला. आजीने माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ उलटाच धरला आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते घर विकायचं नाय. मान्सं ऱ्हातात त्यात."