वधूपदाची हंगामी भरती

परीक्षा संपलेली मुलगी ही घरातली सर्वांत ठळक दिसणारी वस्तू असते. शेवटच्या पेपरापर्यंत तिच्या तोंडापुढे पुस्तक असते, त्यामुळे ती कोणाला दिसत नाही. (पुस्तकाचा हा उपयोग शिक्षणखात्याने अद्याप जाहीर केलेला नाही.) पुस्तक खाली आले, की आल्यागेल्याच्या एकदम लक्षात येते की या घरात एक मुलगी आहे, ती उंच झाली आहे, आणि आता तिचे काहीतरी केले पाहिजे. मुलगा असेल तर त्याने काहीतरी केले पाहिजे, असे म्हणतात. फरक फक्त विभक्तीचा आहे.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बेंगळुरात कॉटनपेटेतल्या अरविंदरावांची रक्षिता अशीच दिसू लागली. दहावीचा शेवटचा पेपर होऊन आठवडा उलटला नाही तोच अरविंदरावांच्या थोरल्या भगिनी सोयराबाई शहरातल्याच श्रीरामपुराहून बस बदलत आल्या आणि बसल्या बसल्या स्थळ सांगून मोकळ्या झाल्या. बळेपेटेत हार्डवेअरचे दुकान असलेले विठोजीराव, त्यांचा धाकटा मुलगा.

"लग्न दोन वर्षांनी करा, घाई नाही," सोयराबाई म्हणाल्या. "पण शब्द आत्ताच देऊन ठेवा. आणि कॉलेजात घालू नका. शिकलेल्या पोरीला तिच्यापेक्षा शिकलेला मुलगा शोधावा लागतो. आपणच आपलं काम कशाला वाढवायचं?"

"सरी," अरविंदराव म्हणाले.

हा शब्द इथल्या मराठी घरांनी काही पिढ्यांपूर्वी कन्नडकडून नेला आणि परत केला नाही. त्याचा अर्थ 'बरे' असा आहे. अरविंदरावांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ 'मी ऐकले' एवढाच होई. ते शाळांचे गणवेश बेतण्याच्या दुकानात कटर होते. दिवसभर कात्री चालवून घरी आलेल्या माणसाला आणखी काही कापण्याची, मग ते कोणाचे बोलणे का असेना, इच्छा राहत नाही. थंडीत रक्षिताने "मला पीयूसीला सायन्स घ्यायचंय" असे सांगितले होते (पीयूसी म्हणजे तिथली अकरावी-बारावी), तेव्हाही ते "सरी"च म्हणाले होते. अशा रीतीने दोन परस्परविरुद्ध ठराव एकमताने मंजूर होऊन पडले होते. त्यातला आधी कोणता अमलात येतो एवढाच प्रश्न उरला होता. विठोजीराव मे महिन्यात मुलगी बघायला येणार होते.

रक्षिता सरळ डोक्याची मुलगी. तिने विचार केला, दिसल्यामुळे हे होत असेल तर दिसूच नये. आणि घरात न दिसण्याचा प्रतिष्ठित मार्ग एकच, तो म्हणजे कामाला जाणे.

दहावी झालेल्यांना त्या काळी कामे पुष्कळ होती. गल्लीतला एक मुलगा उदबत्तीच्या पुड्यांवर देवांची चित्रे चिकटवी. दुसरा एसटीडी बूथवर बसून लाइन नसल्याचे सांगे. (लाइन असल्याचे सांगायला मालक स्वतः येई.) समोरची सौम्या साड्यांना फॉल लावी. इतर सर्व ठिकाणी अनुभव मागत, आणि अनुभव फक्त अनुभव असणाऱ्यालाच मिळे. या नियमामुळे शहरात शिस्त होती.

सौम्यानेच तिला चिकपेटेत देवाप्पांकडे नेले. देवाप्पा चिकोडीकडचे. साड्यांच्या दुकानात आयुष्य गेले तरी त्यांच्या बोलण्यातली चिकोडी गेली नव्हती.

"काम काय आहे, अण्णा?" रक्षिताने विचारले.

"काय नाही. सुम्ने बसायचं."

"आणि?"

"आणि काय? बसायचं बघ, म्हणजे बसायचं. मधनं एकदा चहा."

'सुम्ने' म्हणजे उगीच, सुम्ने म्हणजे गप्प, आणि सुम्ने म्हणजे फुकट. या पदाला तिन्ही अर्थ लागू होते. तिसरा थोडा सैल करून हंगामाच्या शेवटी एक चुडीदारचे कापड ठरले. अरविंदरावांना सांगितले तेव्हा, बसण्यात कष्ट नाहीत हे ध्यानात घेऊन, ते "सरी" म्हणाले.

आता हे पद समजून घेतले पाहिजे. चिकपेटेत रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. त्याला वाटते, इथे कोणी नाही त्या अर्थी काहीतरी कारण असणार. ते भरलेल्या दुकानात शिरते, जिथे त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो, आणि त्यामुळे त्याला समाधान वाटते. म्हणजे गिऱ्हाईक येण्यासाठी दुकानात आधी गिऱ्हाईक असावे लागते. मग पहिले गिऱ्हाईक कुठून आणायचे, या प्रश्नावर मोठमोठ्या दुकानदारांनी हात टेकले होते. देवाप्पांनी ते नोकरीला ठेवले.

लग्नसराईत पांढऱ्या गादीवर एक अख्खे कुटुंब बसवण्यात येई. त्यात पदे अशी: वधू, वधूची आई, आत्या, आणि आइस्क्रीम मागणारे एक लहान मूल. (वडील एकदाच नेमून पाहिले. ते दुपारी झोपले, आणि उठल्यावर सवयीने पाकीट काढून पैसे देऊ लागले.) वधूने रंग बघावा, आईने किंमत बघावी, आणि आत्याने नाक मुरडावे. या तिघींत आत्याचे पद सर्वांत वरचे. साडी कोणाला आवडल्याने खपत नाही, कोणाच्या तरी आत्याला न आवडल्याने खपते, हे देवाप्पांनी पारखून घेतले होते. त्या पदावर चंपाक्का होत्या. तीन लग्नसराया आईचे काम चोख केल्यावर त्यांना ही बढती मिळाली होती.

कामाची पद्धत सोपी होती. शेजारच्या गादीवर खरे लोक येऊन बसले, की गेल्या गौरीपासून पडून राहिलेली साडी रक्षिताने छातीशी धरायची. दुकानातली भाषा कन्नड, तेव्हा चंपाक्कांना आत्या न म्हणता कन्नडात 'अत्ते' म्हणायचे.

"हीच, अत्ते. मला हीच पाहिजे."

"स्वल्प थांब. काठ बघ कसा आहे, पंचा बरा."

मग चंपाक्का उठत, आणि रक्षिता ती साडी हळूहळू, मन मोडल्यासारखी, गादीवर सोडून देई. साडी गादीला टेकायच्या आत शेजारचा हात तिच्यावर पडलेला असे. दुसऱ्या मुलीच्या हातून निसटलेली साडी घरी नेण्यात आयांना जे सुख होते, ते पाहून रक्षिताला पहिल्या दिवशी भीती वाटली. चौथ्या दिवसापासून हसू येऊ लागले. ती इतकी सुरेख निराश होई की देवाप्पांनी शालूंचे गोदाम उघडले. एरवी तिला रोज घरी बसून निराश व्हावे लागले असते. इथे त्याचे कापड मिळणार होते.

एका दुपारी सोयराबाई परकराच्या कापडासाठी चिकपेटेत आल्या. गर्दी बघून दुकानापाशी थांबल्या, आणि आत त्यांना आपली भाची दिसली. धारेची, म्हणजे ऐन लग्नाची, साडी छातीशी धरून ती एका चष्मेवाल्या बाईला 'अत्ते, अत्ते' करत होती.

इथे भाषेचा एक नियम सांगणे भाग आहे. कन्नडात आत्यालाही अत्तेच म्हणतात आणि सासूलाही अत्तेच. सोयराबाईंनी उभ्या उभ्या हिशेब केला. रक्षिताला आत्या एकच, आणि ती इथे दारात उभी आहे. म्हणजे ही सासू. या तर्कात आजतागायत कोणाला चूक सापडलेली नाही.

त्या आत गेल्या नाहीत. आत जाऊन विचारणे म्हणजे आपल्याला कळवलेले नाही हे चारचौघांत कबूल करणे. दोन दिवस त्यांनी कळ काढली, तिसऱ्या दिवशी कॉटनपेटेत आल्या. सोमवार होता, दुकान बंद, म्हणून रक्षिता स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत बसली होती. तिथून तिला सगळे ऐकू येत होते.

"ठरलं म्हणे," सोयराबाई म्हणाल्या.

रक्षिताच्या आईला, विद्याबाईंना, वाटले मुलीच्या कामाबद्दल आहे. "ठरलं की, अक्का. परीक्षा झाल्या झाल्याच."

"आम्हांला कळवलं नाहीत."

"कळवण्यासारखं काय त्यात? उन्हाळ्यापुरतं तर आहे."

सोयराबाईंनी बशी खाली ठेवली. "उन्हाळ्यापुरतं?"

"सीझन संपला की सोडतात ना ते. दसऱ्याला दुसरी घेतात. आपली रिकामी असली तर हिलाच परत बोलावतील म्हणा."

"आणि हे अरविंदानं कबूल केलं?"

"सरी म्हणाले."

"विद्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. धारेची साडी काढत होत्या. आणि त्या बाईला अत्ते म्हणत होती पोरगी. सासू म्हणून बाई तरी बरी आहे का ती?"

विद्याबाईंचा हात चिवड्याच्या डब्यात तसाच राहिला. कोणत्या गोष्टीबद्दल बोलणे चालले आहे ते त्यांना आत्ता कळले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. रक्षिताने विळीवर हात थांबवला. आता आई हसणार आणि सगळे उलगडून सांगणार, मग मे महिना, मग विठोजीराव. विद्याबाई स्वतः सातवीच्या सुट्टीत अशाच दिसू लागल्या होत्या. आठवीचे पुस्तक त्यांनी नंतर पाहिले ते थेट रक्षिताचे.

"बाई चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तशी नाक मुरडते, पण पोरीला जपते. घ्या ना, अक्का, स्वल्प चिवडा घ्या."

त्या दिवशी विद्याबाई एकही शब्द खोटा बोलल्या नाहीत, याची नोंद असावी.

पुढचे काम समाजाने स्वखुशीने केले. सोयराबाईंना, मला माहीत नव्हते, असे म्हणता येईना. म्हणून त्यांनी विठोजीरावांना, मुलगी मलाच पसंत नाही, असे सांगितले. विठोजीरावांना नकार मिळाला असे म्हणता येईना, म्हणून त्यांनी आपणच नकार दिल्याचे कळवले. श्रीरामपुरापासून कॉटनपेटेपर्यंत ज्याच्या कानावर गोष्ट गेली, त्याला ती आधीच ठाऊक होती. अरविंदरावांना विचारायला कोणी आले नाही. पत्रिका आपल्यालाच नाही, बाकी सर्वांना गेली, अशी प्रत्येकाची खात्री होती. एका बाईंनी तर साखरपुड्याला जेवून आल्याचे सांगितले. केसरीभात कोरडा होता.

जूनमध्ये लग्नसराई संपली आणि देवाप्पांनी ठरल्याप्रमाणे रक्षिताला सोडले. "पोरीला सोडलं" ही बातमी अशा रीतीने अक्षरशः खरी ठरल्याने लोकांचा बातम्यांवरचा विश्वास वाढला. माणसे केळी घेऊन येऊ लागली, खाली बघत बसू लागली, उसासा टाकून जाऊ लागली.

"हे लोक का येतायत गं?" अरविंदरावांनी एकदा बायकोला विचारले.

"सुम्ने," विद्याबाई म्हणाल्या.

स्थळ मात्र पुन्हा एकही आले नाही. तेव्हा विद्याबाईंनी एक दिवस नवऱ्याला जेवायला वाढता वाढता सांगितले, "पोरगी घरात बसून काय करणार? सायन्सला नाव घालून या."

"सरी," अरविंदराव म्हणाले, आणि त्या वेळी समोर दुसरा ठराव नसल्याने दुसऱ्या दिवशी खरोखरच जाऊन नाव घालून आले. रक्षिता कॉलेजला जाऊ लागली. तिच्या तोंडापुढे पुस्तक आले, आणि ती दिसेनाशी झाली.

मग तिचे लग्न अखेर कोणाशी झाले, असे वाचक विचारतील. विचारावे; सोयराबाईही तेवढेच विचारत होत्या. या सगळ्या धामधुमीत मे महिन्यात दहावीचा निकालही लागून गेला. तिला किती गुण मिळाले, हे मात्र अजून एकाही वाचकाने विचारलेले नाही.