पहिल्या नंबरचा मान

अभियांत्रिकी प्रवेशाच्या अर्जात अर्जदाराच्या नावासाठी एक रकाना असतो आणि त्याच्या नातेवाइकांसाठी एकही नसतो. एवढी त्रुटी सोडली तर ही प्रक्रिया निर्दोष आहे. आमच्या संग्रामपूर तालुक्याने ती त्रुटी शासनाला कोणताही त्रास न देता स्वतःच भरून काढली आहे, आणि याबद्दल तालुक्याचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं अजून झालेलं नाही.

पद्धत सोपी आहे. निकाल लागला की घरी ‘किती?’ असं विचारणारे लोक येतात. (‘पर्सेंटाइल’ हा शब्द वेळ वाचवण्यासाठी गाळला जातो.) आकडा ऐकून ते ‘अरे वा’ म्हणतात किंवा ‘असू द्या’ म्हणतात, आणि दोन्ही प्रसंगी चहा घेतात. त्यांच्यातूनच पसंतीक्रम ठरवणारी समिती आपोआप तयार होते. तिला निवडणूक नाही, मुदत नाही, आणि जबाबदारी तर नाहीच.

वरवट बकालच्या रामरावांची मुलगी रेणुका यंदा अर्जदार होती. तिला इलेक्ट्रिकल शाखा हवी होती, आणि तीही सरकारी कॉलेजात. तिचे गुण पाहता दोन्ही मिळण्यासारखं होतं. इलेक्ट्रिकलच का, याला कारण होतं. नववीपासून ती विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करते. आमच्या शिवारात स्टार्टर वरचेवर जळतात, आणि जळतात ते ठरावीक विहिरींवरचेच. का, हे तिने दोन वर्षं वहीत व्होल्टेजच्या नोंदी ठेवून शोधून काढलं आहे. ती वही मी पाहिली आहे, कारण बारावीपर्यंत तिला फिजिक्स मी शिकवलं. समितीने पाहिली नाही. वही समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती.

बैठक हर्षलच्या ऑनलाइन सेंटरवर झाली. तपशील असा. अर्जदार एक. उपस्थित अकरा. खुर्च्या चार. अभियांत्रिकीशी प्रत्यक्ष संबंध आलेले दोन (एकाचा ट्रॅक्टर कायम बिघडलेला असतो, दुसऱ्याचा पुतण्या इंजिनिअर होऊन आता पोलीस भरतीसाठी धावतो). एकूण वेळ तीन तास चाळीस मिनिटं. पैकी इलेक्ट्रिकलवर चर्चा चार मिनिटं, त्यातली दीड मिनिटं मुलींना खांबावर चढावं लागतं का, यावर. उरलेला सगळा वेळ यादीत पहिल्या नंबरवर कोणाचं कॉलेज, या एकाच मुद्द्याला दिला गेला.

कोणतं नव्हे, कोणाचं. रामरावांच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे गोजरबाईंचे, यजमान किसनराव जिल्ह्याबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात स्टोअरकीपर आहेत. घरच्या जावयाचं कॉलेज यादीत खाली टाकणं म्हणजे त्याला मागच्या पंगतीला बसवणं, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

“जवाईबुवाचं कॉलेज पह्यलं टाक,” रामराव हर्षलला म्हणाले.

“बाबा, मले तिथं जायाचं नाई,” रेणुका म्हणाली. “माह्यं सरकारी पह्यलं टाका न.”

“तुले जायाले कोन सांगून राह्यलं वो? मान म्हणून टाकून राह्यलो. तुह्यं दुसऱ्या नंबरले हाये न!”

“दुसऱ्या नंबरले टाकलं त भेटतच नाई, बाबा.”

“काऊन? दुसरा नंबर काई वाईट असते काय?” गोजरबाईंनी विचारलं. “दहावीत तू दुसरीच आलती. पेढे वाटले न आपण?”

मग मी नियम वाचून दाखवला. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली, की ती जागा पक्की. ती नको असेल तर उमेदवार पुढच्या फेऱ्यांतून बाद. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम बराबर सांगून राह्यल्या,” असं रामराव म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. (बरोबर सांगणाऱ्याला चहा देऊन बसवून ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. चहा चांगला होता. मी बसले.)

खरं सांगायचं तर रामरावांच्या तर्कात मला दोष काढता आला नाही. लग्नपत्रिकेत पहिलं नाव स्वर्गवासी आजोबांचं असतं. ते लग्नाला येतील अशी अपेक्षा कोणी करत नाही, त्यांना आणायला गाडीही पाठवत नाही. वरची नावं मानाची, खालची कामाची. पत्रिका वाचणाऱ्या प्रत्येकाला हे कळतं. जागावाटपाच्या यंत्राला मात्र आजवर कोणी लग्नाला बोलावलेलं नव्हतं.

जावयाच्या कॉलेजात शाखा कोणती, हा प्रश्न हर्षलने परस्पर सोडवला. यादीत सगळ्यांत वर होती ती त्याने घेतली, आर्टिफिशियल इंटेलिजन्स. “नाव मोठ्ठं हाये काका, बॅनरवर बरं दिसते,” तो म्हणाला. ओटीपी रामरावांच्या मोबाइलवर आला. रामरावांकडे चष्मा नव्हता म्हणून गोजरबाईंनी तो मोठ्याने वाचला, हर्षलने टाकला, आणि सहा आकड्यांत काम झालं. त्यातला एकही आकडा रेणुकाने उच्चारला नव्हता.

पहिल्या फेरीत यंत्राने पहिली ओळ वाचली. त्या कॉलेजात जागा होती. (तिथे दिवाळीपर्यंत असते.) यंत्राने ती देऊन टाकली आणि दुसरी ओळ वाचलीच नाही. सरकारी कॉलेजातली इलेक्ट्रिकलची शेवटची जागा रेणुकापेक्षा कमी गुणांच्या उमेदवाराला गेली.

रामरावांनी ताबडतोब मदत क्रमांकावर फोन लावला. “मॅडम, ते पह्यलं मानाचं टाकलं होतं. ते सोडून खालून मोजा न.” मानाचं म्हणजे कोणत्या प्रवर्गातलं, असं पलीकडच्या बाईंनी विचारलं. बाईंना ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

जागा नाकारता आली असती. एक वर्ष गेलं असतं, इतकंच. पण तोवर किसनराव पेढे घेऊन दारात पोचले होते. त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्या कॉलेजला कोणी पहिल्या पसंतीने मागितल्याची ही पहिलीच वेळ होती. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली होती. “पोरीनं माह्यं नाव राखलं,” म्हणताना त्यांचा गळा भरून आला. जावयाचा गळा भरून आल्यावर नाही म्हणण्याची तरतूद प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत नाही. मी ती दोनदा वाचली आहे. रेणुकाने एक पेढा घेतला आणि वही कपाटात ठेवली.

सत्कार झाला. बॅनरवर तेरा फोटो होते. वरच्या ओळीत किसनराव, मधोमध समिती, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, दोरी ओवायच्या भोकाला लागून, रेणुका. भाषणं चालू असतानाच दिवे मंदावले. शेतातून कोणीतरी धावत आलं. “रेणुका, येतं काय वो? स्टार्टर गेलं.”

ती गळ्यातला हार न काढताच उठली, टेस्टर घेतलं. “काऊन जळते ते, हे इचारा न एखाद्या टाइमाले,” जाता जाता ती म्हणाली.

“इचारू, इचारू. पह्यले चालू त करून दे!”

आता वाचकांसाठी थोडं. इथवर येताना तुमच्या मनात एक प्रश्न नक्की येऊन गेला असेल, की पोरीला होते तरी किती? तो आकडा मी मुद्दाम दिलेला नाही. ते स्टार्टर का जळतात, हेही मी कुठे सांगितलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात गाळल्या होत्या. यांतली कोणती तुम्हाला चुकल्यासारखी वाटली, हे तुमचं तुम्ही तपासा.

समितीत बाराव्याला जागा होऊ शकते. बसा. चहा सांगते.